परत द्यायचा शर्ट

मी जळकुकडी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाचा गैरसमज नको. आठवणी लिहायला बसलेली माणसं लहानपणी आपण किती समंजस होतो ते लिहितात. मी नव्हते. आज माझं वय त्या वेळच्या आईच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे, गुडघे कुरकुरतात, सुईत दोरा ओवण्याआधी दोनदा चष्मा पुसावा लागतो, पण वैजूचं नाव कुठे छापून आलेलं दिसलं की अजूनही तो कागद मी आधी उलटा ठेवते. मग चहा करते. मग सुलटा करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

सिंगापुरात क्लेमेंटीतलं आमचं घर अकराव्या मजल्यावर होतं. खाली स्टेशन, त्यामुळे दर चार मिनिटांनी ट्रेनची घरघर आणि दरवाजे बंद होतानाची ती टिटी. पाहुणे दचकत, आम्हाला ऐकूही यायची नाही. बाबा तांजोंग पगारला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. सकाळी गळ्यात पास अडकवून जायचे आणि संध्याकाळी तोच पास गळ्यात विसरून जेवायला बसायचे. आई घरी असे. मागची एक खोली आम्ही विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं द्यायचो, आणि आईच्या मते भाडेकरू ही चीज अस्तित्वातच नव्हती. त्या खोलीत आलेली मुलगी तिसऱ्या दिवशी आमच्या ताटाला ताट लावून बसलेली असे, आठव्या दिवशी आई तिला केसांना तेल लाव म्हणून ओरडत असे, आणि तिचे कपडे आपोआप आमच्या धुण्यात येत.

धुण्याविषयी सांगायलाच हवं, कारण आमच्या घरात शनिवार सकाळ हा त्याचा मुहूर्त. मशीन होतं, पण आईचा मशीनवर विश्वास नव्हता. कॉलर आणि कफ ती आधी न्हाणीघरात स्टुलावर बसून ब्रशनं घासायची, पांढऱ्या कपड्यांना पुण्याहून आणलेली नीळ द्यायची, सुती कपड्यांना भाताच्या पेजेची खळ. मग बांबूच्या काठ्यांवर सगळं ओवून त्या काठ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या खोबणीत ढकलायच्या. अकराव्या मजल्यावरून बाबांचे शर्ट हात पसरून हवेत उभे राहायचे. खालच्या मजल्यावरची म्हातारी आंटी मान बाहेर काढून ओरडायची, "ड्रिपिंग लाह! एव्हरी वीक ड्रिपिंग!" आणि आई तिला वरून हात जोडून हसायची. पुढच्या खेपेला तिच्याकडे थालीपीठ जायचं, तिच्याकडून ताटली परत यायची ती संत्री घालून. आमच्याकडूनही कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं मला आठवत नाही. आणि कुणाकडून आणलेला कपडा, मग ती शेजारणीची शाल असो की मंडळाच्या नाटकातला फेटा, न धुता, घडी न घालता परत गेला असं तर कधीच नाही.

ह्या घरात मी एक वही घेऊन बसलेली असे. एलिनॉर ब्रँट हे नाव आता कुणाला माहीत नसेल, पण सोळाव्या वर्षी माझ्यासाठी तीच सगळं होती. हॉलिवूडच्या चित्रपटांची वेशभूषाकार. लायब्ररीत जाऊन मी तिच्याबद्दलचं सगळं प्रिंट काढायचे आणि वहीत चिकटवायचे. ती कुठल्याशा छोट्या गावातल्या नाट्यगृहात बटणं शिवायची, तिथून लॉस एंजेलिसला गेली, कित्येक वर्षं दुसऱ्यांनी आखलेले कपडे नटांच्या अंगावर नुसते बसवत राहिली, मग एक वेशभूषाकार आजारी पडली आणि ऐनवेळी सगळा चित्रपट हिच्या गळ्यात आला. दोनदा मोठ्या बक्षिसाच्या यादीत नाव आलं, दोन्हीदा मिळालं दुसऱ्याला. तिची एक सवय मला तोंडपाठ होती. प्रत्येक पात्राच्या खिशात ती काहीतरी ठेवायची. एखादं तिकीट, सुकलेलं फूल, चिठ्ठी. कॅमेऱ्याला ते कधी दिसायचं नाही, पण नटाचा हात खिशात गेला की त्याला कळायचं म्हणे आपण कोण आहोत ते. मी शाळेच्या गणवेशाच्या खिशातसुद्धा चिठ्ठ्या ठेवायचे. त्या आई धुण्याआधी काढून फ्रिजवरच्या वाटीत ठेवायची.

ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा संपून निकालाची वाट बघण्याचे ते दिवस. बाबांचं म्हणणं, गणित चांगलं आहे तर सरळ ज्युनिअर कॉलेज. माझं म्हणणं, पॉलिटेक्निकमध्ये फॅशन डिझाइन. जेवताना ह्यावरून रोज ठिणगी पडे. आणि अशात बातमी आली की एलिनॉर ब्रँट सिंगापुरात येतेय. जुन्या बंदरावरच्या गोष्टीचा एक चित्रपट, चित्रीकरण इथेच, आणि कपड्यांच्या कामाला इथलीच हाताखालची माणसं हवीत. मी तीन रात्री झोपले नाही. बाबा शेवटी म्हणाले, "जा, पण एकटी नाही. वैजूला घेऊन जा."

वैजू म्हणजे वैजयंती, आमची त्या वर्षीची मागच्या खोलीतली मुलगी. इचलकरंजीची. कापडाच्या रसायनशास्त्रात काहीतरी मोठं शिकायला आली होती. सावळी, उंच, मोठ्यानं हसणारी, इथल्या कॅरट केकमध्ये मुळा असतो, गाजर नसतं ह्यावर आठवडाभर चिडलेली. मी तिला वैजूताई म्हणायचे आणि खरं सांगते, ती मला आवडायची. चित्रपट म्हणाल तर तिनं इंग्रजी एखादाही धड बघितलेला नव्हता. बसमध्ये मी तिला एलिनॉरची अख्खी कारकीर्द ऐकवली. ती म्हणाली, "बाई भारीच दिसत्या की गं. आणि कपडे धुते कोण हिच्याकडं?"

एका गोदामासारख्या इमारतीत पाचव्या मजल्यावर कपड्यांच्या रांगाच रांगा. एलिनॉर बुटकी होती, केस पिकलेले, गळ्यात टेप, आणि बोटांना कसलातरी तपकिरी डाग. तिनं मी काढून नेलेली कपड्यांची चित्रं एक एक करून बघितली, खरंच बघितली. मग आम्हाला दोघींनाही, वैजू नुसती सोबत आली होती तरी, पांढऱ्या कोऱ्या सुती कापडाचा एक एक तुकडा दिला आणि म्हणाली, हा दहा वर्षं वापरलेला करून दाखवा. समोर टेबलावर रंग, चहा, कानस, दगड, ब्रश. मी मन लावून रंगवलं. डाग चितारले, छटा दिल्या, कडेला एक सुंदर फाटका भागसुद्धा रंगवला. वैजूनं कापड आधी हुंगलं. मग विचारलं, "हा माणूस काम काय करतो?" एलिनॉर म्हणाली, ओझी उचलतो. वैजूनं कापड खांद्यावर टाकून त्यावर दगडानं घासलं, जिथे दोर येईल तिथे. मग चहा, मग मीठ, मग उलटं करून आतून. अर्ध्या तासानं तिच्या हातात चिंधी होती आणि माझ्या हातात चिंधीचं चित्र.

"तुझी चित्रं फार सुरेख आहेत, बेटा," असं काहीसं एलिनॉर मला म्हणाली. आणि वैजूला म्हणाली, "सोमवारपासून ये."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या लिफ्टमध्ये कळलं. वैजू आपली म्हणतेय, "अगं, मी कशाला? तुझं स्वप्न आहे. मी नाही म्हणून सांगते." आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "नको नको, जा ना, छानच आहे." तोंड हसतंय आणि आत नुसता जाळ. त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणायचं सोडलं. नुसतं वैजू. आईच्या ते लगेच लक्षात आलं, कारण आईच्या सगळंच लक्षात यायचं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. कॉलेजला सुट्टी होती, वैजू सकाळी जायची आणि संध्याकाळी बोटांना तपकिरी डाग घेऊन यायची. एलिनॉरच्या बोटांना होते तसेच! बाबा, ज्यांना माझ्या वहीत पान उलटण्याइतकाही रस नव्हता, ते तिला आमटी वाढता वाढता विचारायचे, "मग आज हॉलिवूडात काय झालं?" आणि ती सांगायची. एलिनॉर जेवणात फक्त उकडलेली अंडी खाते. एलिनॉर चिडली की कात्री शोधत बसते. माझी एलिनॉर! मी पाच वर्षं वही भरली आणि ह्या बाईला तिची अंडी माहीत. मी ताटात डोकं खुपसून जेवायचे आणि वैजू हसली की मनातल्या मनात म्हणायचे, पड. कुठेतरी एकदा तोंडावर पड.

मग तो शर्ट घरी आला. चित्रपटात एक हमाल असतो, म्हाताऱ्या आईबरोबर एका खोलीत राहणारा. त्याचं काम गेलेलं असतं आणि ते परत मागायला तो बंदराच्या कचेरीत जातो. त्या प्रसंगातला हा शर्ट. खरं तर तिथला कपडा बाहेर न्यायचा नाही असा कडक नियम, पण वैजूचं म्हणणं पडलं की घाम काही बाटलीतून येत नाही, कुणीतरी तो अंगात घालायला हवा. एलिनॉरनं हा एकच तिला आठवडाभरासाठी दिला. मग काय, ती तो ढगळा शर्ट घालून घरभर. त्यातच पोळ्या लाटायची, त्यातच भर दुपारी खाली मैदानात पळून यायची, खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन अकरा मजले जिन्यानं चढायची. रोज त्यावर काहीबाही घासायची. आठवड्यात तो शर्ट असा झाला की बघून अंग खाजावं. खिशात एलिनॉरनं ठेवलेली चिठ्ठी होती. ती मी वैजूच्या नकळत वाचली होती. दोन ओळी, हमालानं कधीच न पाठवलेल्या.

शनिवार. वैजू लायब्ररीत गेली होती. शर्ट तिच्या खुर्चीच्या पाठीवर. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून फोन बघत होते. आई न्हाणीघरातून ओल्या हातांनी आली, त्या हातांत तो शर्ट.

"जुई, हा वैजूचा कामाचा शर्ट ना गं? उद्या परत द्यायचा म्हणत होती."

"हं."

"मग असा मळका कसा द्यायचा? दुसऱ्याची वस्तू आहे. पण म्हटलं विचारावं, त्या लोकांचं काही वेगळं असायचं. धुवायचा ना?"

फोन माझ्या हातात होता. त्यावर काय होतं ते आजही सांगता येईल, कुठल्याशा मांजरीचा व्हिडिओ होता. आई उभी होती, तिच्या कोपरावरून साबणाचं पाणी फरशीवर टपटपत होतं. मला सगळं ठाऊक होतं. त्या घरात त्या शर्टाची किंमत माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, वैजूलासुद्धा नाही.

"हो," मी म्हटलं, "धू."

मग ब्रशचा आवाज आला. खसखस, खसखस, बराच वेळ, कारण डाग वैजूनं घातलेले होते, सहज जाणारे नव्हते. मी उठून थांबवू शकले असते. दर वेळी ब्रश थांबला की वाटायचं, आता उठावं. आणि मग पुन्हा खसखस सुरू व्हायची आणि मी पडून राहायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

वैजू दुपारी आली तेव्हा आई शर्टाला इस्त्री करून घडी घालत होती. वैजूनं पिशवी खाली ठेवली, शर्टाकडे बघितलं आणि हळूच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "काकू," ती म्हणाली, "हा धुतला?" रडणं नाही, ओरडणं नाही. मग तिनंच आईला समजावून सांगितलं की तो मळ म्हणजेच काम होतं, आणि परवा चित्रीकरण आहे. आईचा हात तोंडावर गेला. "अगबाई! मी काय करून बसले!"

"राहू द्या काकू. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी रामबुतान सोलत होते. सोललेलं खात नव्हते, नुसती सोलत होते. एक ट्रेन आली, थांबली, टिटी झाली, गेली.

"कुणी कशाला सांगायला हवंय?" आई म्हणाली. "मीच आपली शहाणी. न विचारता टाकला."

वैजूनं मला विचारलं, "तू घरातच होतीस ना जुई?" मी म्हटलं, "इयरफोन होते कानात."

आईचा हट्ट पडला, "चूक माझी, माफीही मीच मागणार." रविवारी आई ठेवणीतली सुती साडी नेसली, डब्यात शंकरपाळे भरले, आणि इंग्रजीत अडायला नको म्हणून मला बरोबर घेतलं. वैजू बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. गोदामात एलिनॉरसमोर आईनं कागदात गुंडाळलेला शर्ट दोन्ही हातांनी पुढे केला आणि मराठीत म्हणाली, "सांग त्यांना, पोरीची काही चूक नाही. मी न विचारता धुतला." मग माझ्याकडे बघून, "सांग."

मी ते सांगितलं. शुद्ध इंग्रजीत, एलिनॉर ब्रँटच्या डोळ्यांत बघून, आईचं खोटं मी माझ्या तोंडानं सांगितलं. शी वॉश्ट इट विदाउट आस्किंग एनीवन. पाच वर्षं मी ठरवत होते की हिच्याशी पहिलं मोठं वाक्य काय बोलायचं.

एलिनॉर कात्री शोधायला लागली. मला वाटलं, झालं, वैजू गेली. मग तिनं शर्ट उचलला, खिडकीपाशी नेला. डाग निघून गेले होते पण त्यांची पिवळट सावली राहिली होती. खांद्यावर घासलेला भाग तसाच विरलेला, कॉलर मात्र ताठ, कडक, नीळ दिलेली, आणि कफाचा निघालेला टाका आईनं मुकाट्यानं परत घातलेला. एलिनॉरनं खिशात दोन बोटं घातली. चिठ्ठी होती. धुण्याआधी आईनं काढून वाटीत ठेवलेली, आणि इस्त्रीनंतर होती तशी घडी करून परत आत सरकवलेली. एलिनॉरनं ती उघडून वाचली आणि होती तशी परत खिशात ठेवली. मग वैजूला म्हणाली, "हा माणूस कामाची भीक मागायला चाललाय. घरी त्याची आई आहे. ती त्याला मळक्या शर्टात पाठवेल? मी कशी विसरले?" आणि मला म्हणाली, "तुझ्या आईला विचार, असे आणखी चार करून देईल का?"

हसा, खुशाल हसा. पुढचे दोन आठवडे माझी आई रोज डबा घेऊन हॉलिवूडच्या कामावर जात होती. वैजू शर्ट मळवायची, आई धुवायची. दोघी एकत्र यायच्या, मोठमोठ्यानं बोलत, दोघींच्याही बोटांना डाग. आणि घरी कुकर कोण लावत होतं? मी.

एकदाच मी आईला विचारलं, "तू तेव्हा खोटं का बोललीस?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दोन पोरी एका घरात राहायच्या होत्या." बस, इतकंच. पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही. मी वाट बघत होते की ती रागावेल. ती रागावलीच नाही, आणि त्यामुळे मला माफी मागायलाही जागा राहिली नाही.

बाकीचं छापून आलेलं आहे. एलिनॉरनं वैजूला लॉस एंजेलिसला बोलावून घेतलं. ती आधी नुसतं कपडे जुने करण्याचं काम करायची, मग एलिनॉरची सहायक झाली, मग स्वतःचे चित्रपट. एलिनॉरला जे दोनदा हुकलं ते वैजूला मिळालं. मी पॉलिटेक्निकमध्ये गेले, शिकले, आणि तोआ पायोहला कपडे आल्टर करायचं दुकान टाकलं. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. वाईट चाललं नाही. गिऱ्हाइकाचे खिसे मी आधी तपासते आणि निघेल ते वाटीत ठेवते.

आई जाऊन आता बराच काळ झाला. गेल्या महिन्यात वैजूनं मला एका समारंभातल्या तिच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "काकूंची आठवण काढली बघ." केस सगळे पांढरे, हसणं तेच. ती सांगतेय की माझं सगळं करिअर एका चुकीवर उभं आहे. सिंगापुरातल्या माझ्या एका भोळ्या काकूंनी एक मळका शर्ट कुणालाही न विचारता धुऊन टाकला. सभागृह हसतं. छान, मायेनं हसतं. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे बघताना मला मत्सर वाटला नाही. आईला हसलेलं मात्र सोसवेना.

म्हणून हे लिहिलं, आणि पहिल्यांदा तुलाच पाठवतेय, वैजूताई. हसलेल्या त्या सगळ्यांना जमलं तर सांग. माझी आई न विचारता कुणाचा रुमालसुद्धा धूत नसे.